होपी भांडी: कोळसा, लेंड्या आणि नाम्पेयो

अमेरिकेच्या ईशान्य अ‍ॅरिझोनातल्या होपी या मूळनिवासी लोकांची भांडी म्हटली की पिवळ्या अंगावर काळ्या-तांबड्या रंगांत रेखलेले पंख आठवतात. ही शैली मात्र सलग चालत आलेली नाही. मधे दोनशेहून जास्त वर्षांचा खंड आहे.

1300 च्या सुमारास इथे दगडी कोळशावर भाजणी सुरू झाली. कोळसा मेसांच्या, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांच्या, उतारावरच उघडा पडलेला. त्याची आच मोठी आणि टिकाऊ, म्हणून राखाडी माती टणक पिवळी निघे. ‘पहिला मेसा’ म्हणतात त्या डोंगराजवळच्या सिक्याट्की या जुन्या गावातलं देखणं काम याच मातीतलं. स्पॅनिशांबरोबर मेंढ्या आल्या आणि वाळलेल्या लेंड्यांवर भाजणं रूढ झालं. एकोणिसाव्या शतकातल्या पोलाक्का भांड्यांवर पांढरा लेप असे. तो अंगाइतकाच आकसत नसल्याने त्याला बारीक भेगा पडत.

हानो गावच्या नाम्पेयो या कुंभारणीने (साधारण 1859–1942) तो लेप सोडला आणि मातीचंच अंग घोटून त्यावर नक्षी काढली. रुंद, बसक्या खांद्याचा जुना घाटही परत आणला. 1895 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स या पुरातत्त्वज्ञाने सिक्याट्की खणलं, नाम्पेयोचा नवरा तिथे कामाला होता, म्हणून तिला नक्षी सापडली, ही गोष्ट सगळे सांगतात. ती अर्धीच खरी. थॉमस कीम हा व्यापारी त्याआधीच जुन्या भांड्यांसारखी भांडी करवून घेत होता, आणि खापरं तर पायाखाली पडलेली. नजर अधू झाल्यावर नाम्पेयो हाताच्या अंदाजाने भांडी घडवी, रंगकाम मुली करत.

चाक नाही, वळ्या एकावर एक रचून भांडं उभं राहतं. मातीत वाळू जवळजवळ नसते, म्हणून घाईने वाळवलं तर तडा जातो. खरवडून, घासून, ओल्या गोट्याने घोटलं की रंगकाम. काळ्यासाठी एका रानझाडाचा पाला काकवीइतका दाट होईपर्यंत उकळतात आणि त्या अर्कात लोहदगड उगाळतात. अर्क कमी पडला तर भाजल्यावर रंग बोटाला लागतो. तांबडा रंग लावताना पिवळाच असतो, भाजल्यावर लाल होतो. कुंचला म्हणजे युक्काच्या पानाची टोक चावून मऊ केलेली पट्टी.

भाजण्याआधी भांडी विस्तवाजवळ शेकतात. ओल राहिली तर वाफेने पापुद्रा उडतो. भोवती फुटकी खापरं रचतात, कारण लेंडी अंगाला टेकली की काळा डाग पडतो. हवा कमीजास्त लागेल तशी पिवळी-नारिंगी झाक येते. विजेच्या भट्टीत ती येत नाही, रंग सपाट दिसतो. जाणकार गिऱ्हाईक आधी तीच शोधतं.