पुट्टी, पहाटेचं दव आणि दीड किलोचा तंबू

डिसेंबरातली पहाट, चारचा सुमार. बेळगावकडच्या जांबोटीच्या पुढे एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, मी आणि पुट्टी झोपलो होतो आणि माझ्या नाकावर टपकन थेंब पडला. पाऊस कुठला, आभाळात चांदणं होतं. बॅटरी लावून पाहिलं तर तंबूच्या छताला आतून मोत्यांसारखे थेंब लगडलेले. पुट्टी, म्हणजे माझी मुधोळ मिसळीची २० किलोची कुत्री, वळकटी होऊन पडलेली आणि पाठीवर चिंब. तंबू मित्राकडून मागून आणलेला, एकपदरी, जेमतेम ६०० ग्रॅमचा. उचलताना फार मजा वाटली होती!

कुत्र्याला घेऊन डोंगरात जाणारे लोक तंबूचं वजन विचारतात. आधी विचारायचं ते पाण्याचं. माणूस रात्रभरात श्वासातून आणि कातडीतून साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपात बाहेर टाकतो. कुत्र्याचं काय? २० किलोचा कुत्रा म्हणजे ६० किलोच्या माणसाचा एक तृतीयांश, असा हिशोब आपण करतो, पण शरीर तसं चालत नाही. प्राण्यांच्या शरीराचा अभ्यास करणाऱ्या माक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवून दिलं, की प्राण्याच्या शरीराची विश्रांतीतली ऊर्जा वजनाच्या पाऊण घाताने वाढते. जीव जितका लहान, तितकी किलोमागे भट्टी जास्त पेटलेली. त्या सूत्राने ६० किलोचा माणूस सुमारे ७३ वॅट उष्णता देतो आणि २० किलोचा कुत्रा ३२ वॅट. म्हणजे माझ्याजवळ झोपलेली पुट्टी ही जवळजवळ अर्धा माणूस होती. वाफही त्याच बेताने धरली, तर दोघांची मिळून तासाला ४० ग्रॅमच्या आसपास.

आता तंबूतली हवा बघा. दोघांच्या तंबूत दीडेक घनमीटर हवा मावते. १३ अंशांना एक घनमीटर हवा ११ ग्रॅमच्या थोडी वर वाफ धरू शकते, म्हणजे सगळ्या तंबूत मिळून १७ ग्रॅम. अर्ध्या तासातच भांडं काठोकाठ. त्यात निरभ्र रात्री तंबूचं कापड आपली उष्णता सरळ आभाळाकडे सोडत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतं. वाफेला बसायला जागा आयतीच मिळते. हे दव थांबवता येत नाही, ते कुठे बसेल एवढंच ठरवता येतं.

म्हणून दुपदरी तंबू. आत जाळीची खोली, वर वेगळं छप्पर, मध्ये वीतभर हवा. दव छपराला आतून बसतं आणि खाली ओघळून जातं, जाळीच्या आतलं अंथरूण कोरडं. एकपदरी तंबूत सरळ झोपणारा एकटा माणूस अंग चोरून निभावून नेतो. कुत्रा रात्री तीनदा उठतो, गोल फिरतो, अंग झटकतो आणि शेपटीने सगळी भिंत पुसून काढतो.

छप्पर पॉलिएस्टरचं असलं तर बरं. नायलॉन पाणी शोषून सैल पडतं, रात्री कितीही ताणून बांधा, पहाटे पोट आलेलं असतं आणि ते जाळीला टेकलं की दव आत. पॉलिएस्टर त्यामानाने ताठ राहतं.

आमच्याकडे आणखी एक भानगड आहे, जांभा. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला हा सगळा सड्यांचा मुलूख. वर बोटभर माती, खाली जांभा दगड. हल्लीचे सगळ्यात हलके तंबू चालायच्या काठ्यांवर उभे राहतात, आणि ते खुंट्यांनी ताणले तरच. इथे खुंटी ठोकली की वाकते. मी एकदा सहापैकी चार वाकवून घरी आणल्या. दोरीला मोठे दगड बांधून काम भागतं, पण कुत्रं आत बसून कोल्हा दिसल्यासारखं उसळलं की दगड सरकतो आणि अख्खा डोलारा अंगावर. त्यामुळे स्वतःच्या कमानींवर उभा राहणारा तंबू घ्यावा. असे दुपदरी तंबू दीड किलोच्या आसपास मिळतात. मित्राच्या तंबूपेक्षा ९०० ग्रॅम जास्त.

रुंदी मात्र लोक हमखास चुकतात. एकट्याच्या तंबूची रुंदी ७० ते ७५ सेंटीमीटर. त्यात आपली ५० ची चटई. उरलेल्या वीतभर पट्टीत, वळकटी झाली तरी ६० सेंटीमीटर जागा घेणारी पुट्टी कुठे घालणार? दुकानदार म्हणतो, बाहेरच्या पडवीत बांधा की. आमचे शेजारचे आजोबाही तेच म्हणाले, "कुत्र्याला तंबू कशाला लागतंय रे?"

लागतो, आजोबा. २०२२ च्या ऑगस्टात बेळगावात गोल्फ मैदानाच्या बाजूला बिबट्या आला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, ते तुम्हीही पाहिलंय. नगर जिल्ह्यातल्या अकोले भागात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशोबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. पडवीत बांधलेलं कुत्रं पळूही शकत नाही. तेव्हा तंबू दोघांचा घ्यायचा, कुत्रं आत आणि तंबूच्या दाराची चेन बंद. भीमगडच्या जंगलात मात्र कुत्रा न्यायचा विचारही नको, २०११ पासून ते अभयारण्य आहे.

हलकं म्हणून नुसतं ताडपत्रीसारखं छप्पर ताणून उघड्या जमिनीवर झोपणारेही आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, फक्त गोचिडीची आठवण करून देते. माकडताप १९५७ मध्ये शिमोग्याकडे सापडला, २०१५ मध्ये चोर्ल्याच्या पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत आला, पुढच्या वर्षी दोडामार्गात. तो पसरवणाऱ्या गोचिडीची बारीक पिल्लं नेमकी कोरड्या दिवसांत, आपल्या ट्रेकच्या हंगामात जास्त असतात. सलग तळ आणि जाळी हवीच. पण कुत्रं गोचिडी स्वतःच्या अंगावरून आत आणतं, म्हणून आत घेण्याआधी कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, काखेत हात फिरवायचा. मला दहा मिनिटं लागतात आणि पुट्टीला ते मालिश वाटतं.

राहिला तळ. तळाच्या कापडाची ताकद डब्यावर मिलिमीटरमध्ये लिहितात, म्हणजे पाण्याचा केवढा उंच स्तंभ ते अडवून धरेल. ३००० आकडा वाचून आपण निर्धास्त होतो. पण कुत्रं ओल्या जमिनीवर कोपर टेकून बसतं तेव्हा समजा ४ किलो भार १० चौरस सेंटीमीटरवर आला. एका चौरस सेंटीमीटरवर ४०० ग्रॅम, म्हणजेच ४००० मिलिमीटर पाण्याइतका दाब. पाणी खालून झिरपणार. नखाचं टोक तर त्याहून कितीतरी बारीक, तिथे दाबाचा हिशोबच करायला नको. कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात, ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. १० किंवा १५ डेनियरचा तळ कुत्र्याच्या घरात चालायचा नाही, ४० च्या पुढचा बघा. आणि त्यावर फोमची चटई कापून टाका, बंद फुग्यांची, पाणी न पिणारी. ती नखं झेलते, कोपराचा भार पसरवते, आणि मुधोळसारख्या आखूड केसांच्या, अंगावर चरबी नसलेल्या जातीला जमिनीच्या गारठ्यापासून वाचवते. फुगवायची गादी कुत्र्याला देणं म्हणजे पैसे फोडून घेणं. निघायच्या दोन दिवस आधी नखं कानशीने घासून घ्यावीत. आदल्या रात्री घासली तर कडा खरखरीत राहतात.

चालून आल्यावर कुत्र्याला लगेच आतही घेऊ नये. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून गार होतं आणि प्रत्येक ग्रॅम वाफेबरोबर जवळजवळ अडीच किलोज्यूल उष्णता बाहेर जाते. तेवढी वाफ बाहेरच जाऊ द्यावी. नाला ओलांडून आली असेल तर पुसूनही घ्यावं. मी एकदा घरी आंघोळीनंतर पुट्टीला पुसलेला पंचा काट्यावर ठेवला होता, २१० ग्रॅम जास्त भरला. तेवढं पाणी रात्री छताला लागलं असतं.

घरी आल्यावर तंबू पिशवीतून काढून गच्चीवर पसरायचा, दोन दिवस तरी. तळाला आतून जो पॉलियुरेथेनचा लेप असतो, तो ओल धरून ठेवली की हळूहळू विरघळल्यासारखा चिकट होतो आणि पापुद्रे सुटतात. बेळगावात चार महिने कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, तिथे तंबूची काय कथा. माझा सध्या गच्चीवरच उभा आहे. वाळलाय कधीच, पण दुपारची झोप झाल्याशिवाय पुट्टी बाहेर यायला तयार नाही.