सिरिमावो बंदरनायके

सिरिमावो बंदरनायके (१९१६–२०००) या श्रीलंकेच्या, म्हणजे तेव्हाच्या सिलोनच्या, आणि जगातल्याही पहिल्या महिला पंतप्रधान. आपल्याकडे जनरल नॉलेजच्या पुस्तकात एवढी एकच ओळ असते, पोरं ती पाठ करतात आणि पुढे जातात. पण ही बाई नीट कळायची असेल तर १९६० च्या विजयासोबत १९७७ चा पराभव पण वाचावं लागतं.

माहेर रतवत्ते, म्हणजे कँडीकडचं बडं सरंजामी घराणं. १९४० साली सॉलोमन बंदरनायके यांच्याशी लग्न झालं, ते १९५६ ला पंतप्रधान झाले आणि सप्टेंबर १९५९ मध्ये घरी भेटायला आलेल्या एका बौद्ध भिक्खूने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पदरात तीन मुलं, राजकारणात कधी कुठलं पद नाही, तरी श्रीलंका फ्रीडम पार्टीने त्यांनाच पुढे केलं. प्रचारात नवऱ्याच्या भाषणांच्या टेप वाजवायच्या, लोक ऐकून रडायचे, विरोधक त्यांना 'रडणारी विधवा' म्हणून हिणवायचे. पक्ष जिंकला आणि २१ जुलै १९६० ला त्यांनी शपथ घेतली, स्वतः निवडणूक न लढवता, सिनेटमधून, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहातून.

पण रडणारी बाई म्हणून ज्यांनी हलक्यात घेतलं ते चुकले. शाळा सरकारी केल्या, परदेशी तेल कंपन्यांचा धंदा ताब्यात घेतला, अमेरिकेने मदत थांबवली तरी मागे हटल्या नाहीत, १९६२ चा लष्करी-पोलीस उठावाचा कट उघडा पाडला. नवऱ्याचं फक्त सिंहली हीच राजभाषा हे धोरणही तितक्याच हट्टाने चालवलं, आणि १९६१ ला जाफन्यात तमिळांनी सत्याग्रह केला तेव्हा आणीबाणी लावली. माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी चूक हीच, कारण ती जखम पुढे देशाला फार महागात पडली. १९६४ च्या शास्त्रीजींसोबतच्या करारात तर चहाच्या मळ्यांवरच्या भारतीय वंशाच्या सव्वापाच लाख लोकांना भारतात पाठवायचं ठरलं, त्यातल्या कित्येकांचा जन्मच सिलोनचा होता. त्याच डिसेंबरमध्ये वर्तमानपत्रं ताब्यात घ्यायच्या बिलावरून स्वतःच्याच पक्षातले लोक फुटले आणि सरकार एका मताने पडलं.

१९७० ला डाव्यांना सोबत घेऊन दणक्यात परत आल्या. वर्षभरातच सिंहली तरुणांचं बंड झालं, ते चिरडताना हजारो पोरं मेली. मग १९७२ ला प्रजासत्ताक झालं, सिलोनचं श्रीलंका झालं, जमिनीवर ५० एकरची मर्यादा आली. जगात नाव वाढत होतं, १९७६ ची अलिप्त राष्ट्रांची परिषद कोलंबोत भरली, पण घराघरात हाल होते. आयात बंद, तेल महागलेलं, पावासाठी पहाटेपासून रांगा, आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात तांदूळ न्यायचा तर वाटेत चौकीवर पिशवी उघडून दाखवायची. भात खाणाऱ्या देशात हे कोण विसरणार? त्यात निवडणूक १९७५ ला व्हायची ती नव्या राज्यघटनेच्या आधाराने दोन वर्षं पुढे गेली, तो राग वेगळाच साठला.

मतदान झालं २१ जुलै १९७७ ला, शपथेला बरोबर १७ वर्षं झाली त्या दिवशी. चारच महिन्यांपूर्वी आपल्याकडे इंदिराबाई हरल्या होत्या, पण इथला पाडाव त्याहून भयंकर होता, १६८ पैकी फक्त ८ जागा, विरोधी पक्षनेतेपद सुद्धा तमिळ पक्षाकडे गेलं. स्वतः अत्तनगल्लची जागा त्यांनी राखली, पण १९८० मध्ये, निवडणूक जिंकून आलेल्या जयवर्धने यांच्या सरकारने सत्तेच्या गैरवापराचा ठपका ठेवून सात वर्षांसाठी त्यांचे नागरी हक्कच काढून घेतले, खासदारकी गेली, प्रचारालाही बंदी. हरलेल्या नेत्याला असं मैदानाबाहेर काढणं चूकच होतं, मतदारांनी आपलं काम केलेलं होतं की. हक्क १९८६ ला परत मिळाले, १९८८ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जयवर्धनेंच्याच पक्षाच्या प्रेमदासांकडून हरल्या.

१९९४ ला मुलगी चंद्रिका कुमारतुंगा राष्ट्राध्यक्ष झाली आणि आई तिसऱ्यांदा पंतप्रधान, पण तोवर सगळी ताकद राष्ट्राध्यक्षांकडे गेलेली होती. तब्येतीमुळे ऑगस्ट २००० मध्ये राजीनामा दिला. १० ऑक्टोबर २००० ला संसदेची निवडणूक होती, ८४ वर्षांच्या सिरिमावो मत द्यायला गेल्या, मत दिलं, आणि कोलंबोला परत येताना वाटेतच हार्ट अटॅकने गेल्या.