समलिंगी टेनिस क्लब आणि नोंदणीचा गुंता : पार्श्वभूमी

समलिंगी खेळाडूंचा पहिला आंतरराष्ट्रीय क्रीडामेळावा 1982 साली सॅन फ्रान्सिस्कोत भरला आणि त्यात टेनिसही होतं. पुढे शहरोशहरी क्लब निघाले, त्यांची संघटना झाली आणि स्पर्धेत ओपन, ए, बी, सी, डी असे खेळाच्या दर्जावर गट पाडायची पद्धत रुळली. तगडा खेळाडू बक्षिसासाठी खालच्या गटात नाव घालतो, हे या पद्धतीतलं जुनं दुखणं. खालचा गट जिंकला की पुढच्या वेळी वर चढवायचं, हा त्यावरचा साधा उपाय.

आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं दंडसंहितेतलं कलम 377 आडवं होतं. 2009 साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलासा दिला, 11 डिसेंबर 2013 रोजी तो गेला आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीचे संबंध गुन्ह्यातून कायमचे सुटले. तरी संभाजीनगर, नांदेड, लातूरकडे असा क्लब काढायचं म्हटलं की गाडी नोंदणीपाशी अडते.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने किमान सात जणांच्या सह्या लागतात. कार्यकारिणीतल्या प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि व्यवसाय ज्ञापनात, म्हणजे संस्थेच्या स्थापनेच्या मूळ कागदात, लिहावा लागतो, आणि हे कागद किरकोळ फी भरून कुणालाही पाहता येतात. ज्या गावात आडनावावरून घर सापडतं, तिथे शिक्षक किंवा बँकेतला माणूस या कागदावर सही करताना दहादा विचार करणारच. त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे.

दुसरा वाद उद्देशाच्या कलमाचा. अशी संस्था धर्मादाय कार्यालयात सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंदवली जाते, आणि त्या कायद्यात करमणुकीच्या सोयी धर्मादाय ठरतात, पण त्या समाजकल्याणाच्या आणि लोकहिताच्या असतील तरच. ‘फक्त समलिंगी पुरुषांसाठी’ असं लिहिलं की लोकहिताचा प्रश्न निघतो. नुसतं ‘टेनिसचा प्रसार’ लिहिलं तर आपली ओळखच पुसली, अशी तक्रार होते आणि ती खोटी नाही. उद्देश खेळाचा ठेवून, लैंगिक कल वा लिंगओळखीवरून कुणालाही नाकारणार नाही, हे नियमावलीत स्पष्ट लिहिणं जास्त टिकाऊ. सातांत बहिणी, मित्र, ओळखीचे वकील घेता येतात. मात्र मग मतं त्यांच्या हाती जातात, म्हणून सभासदत्व आणि निवडणुकीचे नियम आधीच घट्ट बांधावेत.

नोंदणी टाळली तर जागेचा करार क्लबच्या नावाने करणं अवघड, वर्गणी कुणा एकाच्या खात्यात, आणि खेळ तासावर घेतलेल्या कोर्टावर. स्वतःचं कोर्ट म्हणजे रेघांच्या आतच 23.77 बाय 10.97 मीटर, भोवती पळायला मोकळी जागा वेगळी. लाल मातीला पाणी सतत लागतं. ते चुकलं की थर सुटतो, चेंडू वेडावाकडा उसळतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथे सिमेंटचंच कोर्ट परवडतं.

नोंदणी केलीच तर दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा आणि कार्यकारिणी बदलल्यावर 90 दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदल कळवणारा अर्ज, द्यावा. तो राहिला की बदली होऊन गेलेल्या माणसाचंच नाव धर्मादाय कार्यालयाच्या दप्तरी राहतं.