घासाच्या पेंढीमागची शंभर वर्षं

दिवाळी सरली की लातूर, धाराशिव, बीडकडे ज्याच्या विहिरीला पाणी आहे तो दूधवाला शेतकरी एखाद्या वाफ्यात घास टाकतो. घास म्हणजे लसूणघास. कृषी खात्याच्या कागदावर लुसर्न. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा आरएल-८८ वाण असला तर तोच वाफा तीन-चार वर्षं चालतो. पहिली कापणी ५०-६० दिवसांनी आणि पुढे महिन्याच्या आत-बाहेर. कापणी सुरू झाली की सल्लेही सुरू होतात. कोवळा घास नुसता टाकू नका, आधी सुकू द्या, कडब्यात मिसळून कुट्टी करा, बुरशी लागलेला दावणीत नको. हे सल्ले आपल्याकडे जाणत्यांच्या तोंडून येतात, पण त्यामागची कारणं सापडली ती परदेशात, बहुतेक थंड मुलखात. तिकडे कुरणंच्या कुरणं क्लोव्हर, लुसर्न यांसारख्या शेंगवर्गीय चाऱ्याची असतात आणि जनावर दिवसभर त्यातच चरतं. आपल्याकडे पेंढीभर खाल्ल्यावर जे जेमतेम जाणवतं, ते तिथे कळपाच्या कळपात दिसलं.

सगळ्यात नाट्यमय गोष्ट स्वीट क्लोव्हरची. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागात गुरं रक्तस्रावाने मरू लागली. शिंगं कापली, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेचना. काही जनावरं तर जखम नसतानाही आतल्या आत रक्तस्राव होऊन मेली. कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी एक साधा प्रयोग केला. एकाच गंजीतल्या वाळल्या चाऱ्यातून चांगल्या काड्या आणि खराब झालेल्या काड्या वेगळ्या निवडल्या आणि दोन सशांना घातल्या. चांगल्या काड्या खाणारा ससा धडधाकट राहिला, दुसरा मेला. म्हणजे दोष वनस्पतीचा नव्हता, तिला लागलेल्या बुरशीचा होता. (हेच स्कोफिल्ड १९१९ साली कोरियात होते आणि जपानी अत्याचारांचे फोटो काढून त्यांनी ते जगापुढे आणले. कोरियात आजही ते नाव आदराने घेतलं जातं.)

बुरशी नेमकं काय करते, हे कळायला आणखी वीसेक वर्षं गेली. फेब्रुवारी १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी भर हिमवादळात मेलेली कालवड, दुधाच्या कॅनमध्ये न गोठलेलं रक्त आणि सोबत चारा घेऊन मॅडिसनला जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. दुष्काळात जवळ आहे तोच चारा घालावा लागतो, तशी मंदीच्या काळात त्याचीही अवस्था होती. लिंक यांनी त्याला तेव्हा एवढंच सांगितलं, की हा चारा घालू नका आणि जमलं तर जनावरांना रक्त द्या. १९३९ मध्ये त्यांच्या गटाने तो पदार्थ वेगळा काढला, तो म्हणजे डायकुमारॉल. कापलेलं गवत वाळू लागलं की जो गोडसर वास येतो तो कुमारिनचा. स्वीट क्लोव्हरमध्ये ते भरपूर असतं आणि त्याने रक्त पातळ होत नाही. गंजीत ओल राहिली की बुरशी त्याच कुमारिनपासून डायकुमारॉल बनवते. ते व्हिटॅमिन केचं काम अडवतं, आणि व्हिटॅमिन केशिवाय यकृताला रक्त गोठवणारे घटक नीट बनवता येत नाहीत.

याच घराण्यातला एक पदार्थ वॉरफेरिन या नावाने १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आला, १९५४ पासून माणसांसाठी वापरात आला आणि १९५५ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना दिला गेला. वॉरफेरिन घेणाऱ्या रुग्णाला डॉक्टर पालेभाजी एकदम वाढवू-कमी करू नका म्हणतात, तेही या व्हिटॅमिन केमुळेच. लसूणघासात कुमारिनची ही अडचण नाही. पण बुरशी लागलेल्या चाऱ्यात इतर विषं तयार होतात, त्यामुळे दावणीचा नियम तोच राहतो.

दुसरी गोष्ट पश्चिम ऑस्ट्रेलियाची, आणि मला ती आपल्या जास्त जवळची वाटते. १९४०च्या दशकात सबटेरेनियन क्लोव्हरवर चरणाऱ्या मेंढ्या गाभण राहीनात, राहिल्याच तर व्यायला अडू लागल्या, अंग बाहेर येऊ लागलं. खच्ची केलेल्या नरांना दूध सुटलं. १९४६ मध्ये बेनेट्स, अंडरवूड आणि शियर या संशोधकांनी हा प्रकार क्लोव्हरशी जोडला. पहिला संशय क्लोव्हरमधल्या जेनिस्टीन या द्रव्यावर गेला, कारण त्याचा गुण स्त्रीसंप्रेरकासारखा. पण खरा दोषी त्यातलाच दुसरा पदार्थ, फॉर्मोनोनेटिन, निघाला. स्वतः तो फारसा काही करत नाही. मेंढीच्या कोठीपोटातले (रवंथ करणाऱ्या जनावराच्या पहिल्या मोठ्या पोटातले) जंतू त्याचं स्त्रीसंप्रेरकासारखं वागणारं इक्वॉल करतात आणि ते रक्तात जातं. जेनिस्टीनचा मात्र तेच जंतू निकाल लावतात. जमिनीत स्फुरद कमी असलं की पानात फॉर्मोनोनेटिन वाढतं, हेही तिथेच दिसलं. मग कमी फॉर्मोनोनेटिनचे वाण निवडले गेले.

लसूणघासात याच जातीचा, स्त्रीसंप्रेरकासारखा वागणारा कुमेस्ट्रॉल असतो, एरवी थोडा. पानावर ठिपक्यांचा रोग आला किंवा माव्याने झोडपलं, की झाड बचावासाठी तो वाढवतं. गाय माजावर येते पण उलटते, म्हणजे गाभ न धरता पुन्हा माजावर येते, अशी तक्रार आपल्याकडे घरोघरी आहे. तिचं खापर घासावर फोडू नये. खनिजांची कमतरता, भरवण्याची चुकलेली वेळ, गर्भाशयाचा दाह ही कारणं कितीतरी अधिक असतात. पण वाफा पिवळा-ठिपकेदार झाला असेल आणि गायीला दुसरं काही हिरवं नसेल, तर तो महिनाभर बाजूला ठेवायला काय हरकत आहे?

पांढऱ्या क्लोव्हरमध्ये सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. १९५४ मध्ये संशोधक दादाय यांनी युरोपभरची झाडं तपासून दाखवलं, की हिवाळा जितका कडक तितकी अशी झाडं कमी. असं का, यावर अजून वाद आहे. सायनाइडचा हा प्रकार मराठवाड्याला शिकवावा लागत नाही. पावसाने ओढ दिली की खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत तेच विष साठतं आणि जनावराला किराळ लागते.

आता पोटफुगी. घासाची पोटफुगी वेगळी: कोठीपोटात नुसती हवा नसते, साबणासारखा फेस असतो. म्हणून नळी घातली तरी हवा सुटत नाही, फेसच वर येतो. डाव्या भकाळीवर टिचकी मारली की ढोल वाजतो. पशुवैद्य येईपर्यंत तोंडात आडवी काठी बांधतात, गोडं तेल पाजतात. तेलाने बुडबुडे फुटतात. पाजताना मान फार वर ओढली तर तेल फुफ्फुसात जातं, ते वेगळंच दुखणं. फेस होतो तेव्हा घासातल्या सॅपोनिन या साबणासारख्या द्रव्यावरच बोट ठेवण्याची पद्धत बरीच वर्षं होती. कॅनडात कमी सॅपोनिनचा लुसर्न चारून पाहिला, तरी गुरं फुगलीच. मग लक्ष गेलं ते झटपट विरघळणाऱ्या प्रथिनांकडे आणि कोवळी पानं किती वेगाने फुटतात याकडे. कडब्याची कुट्टी मिसळली की हा वेग मंदावतो, लाळही जास्त सुटते.

सेनफॉइन आणि बर्डसफूट ट्रेफॉइल या थंड प्रदेशातल्या चाऱ्यांनी मात्र कधी पोट फुगत नाही. त्यांच्या पानात टॅनिन हे तुरट द्रव्य असतं. कोठीपोटात ते प्रथिनांना धरून ठेवतं, पुढच्या आम्लयुक्त पोटात सोडून देतं. फेस होत नाही आणि प्रथिनं वाया कमी जातात. लसूणघासाच्या पानात हे टॅनिन जवळजवळ नसतंच. सेनफॉइन आपल्या उन्हाळ्यात टिकायचं नाही. पण टॅनिन हवंच असेल तर बाभळीच्या शेंगा बांधावर आहेत, आणि उस्मानाबादी शेळी त्या शोधून खाते. जास्त झालं तर भूक मरते, एवढंच ध्यानात ठेवावं.

मुरघासाच्या बाबतीतही लसूणघास कमीच पडतो. साखर कमी, त्यामुळे तो नीट आंबत नाही आणि खड्ड्यात प्रथिनं मोडतात. लाल क्लोव्हरची प्रथिनं टिकतात, कारण पान कापताच काळं पाडणारं एक एन्झाइम त्यात असतं. वांगं चिरल्यावर काळं पडतं तसं. मॅडिसनच्या शास्त्रज्ञांनी त्या एन्झाइमचं जनुक लुसर्नमध्ये घालून पाहिलं. एन्झाइम तयार झालं, पण ते ज्या द्रव्यावर काम करतं तेच लुसर्नच्या पानात नव्हतं. बाहेरून घातल्यावरच प्रथिनं टिकली. आपल्याकडे मुरघासाला मका आणि घास हिरवाच, ही वाटणी त्यामुळे अजून बदललेली नाही.