क्लाउडवर जुने ग्राफिक्स कार्ड भाड्याने घेणे

दूरच्या डेटा सेंटरमधील संगणकावर बसवलेले, पण एक-दोन पिढ्यांनी मागे पडलेले व्यावसायिक ग्राफिक्स कार्ड इंटरनेटवरून तासाच्या किंवा सेकंदाच्या दराने वापरण्याची पद्धत. अशा कार्डाचा ताशी दर नव्या कार्डापेक्षा बराच कमी असतो. त्यामुळे विद्यार्थी, संशोधक, ॲनिमेशन करणारे आणि लहान सॉफ्टवेअर कंपन्या त्याकडे वळतात. मात्र ताशी दर कमी म्हणून काम स्वस्तात होईलच असे नाही. तेच कार्ड एका कामाला आजही उत्तम ठरते आणि दुसऱ्या कामाचा प्रोग्राम त्यावर सुरूही होत नाही. कार्ड कोणत्या साली बाजारात आले यावरून हा फरक कळत नाही. मेमरी, तिचा वेग, कार्डाला जमणारे आकड्यांचे प्रकार आणि सॉफ्टवेअरचा आधार हे पाहावे लागते.

व्यावसायिक कार्डे

खेळांसाठी विकली जाणारी कार्डे आणि व्यावसायिक कार्डे यांच्यातील चिप पुष्कळदा एकाच घराण्यातली असते. फरक भोवतालच्या रचनेत असतो. एनव्हिडिया या ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीच्या टेस्ला मालिकेतील बहुतेक कार्डांना स्वतःचा पंखा नसतो, सर्व्हरच्या पंख्यांच्या झोतावर ती थंड राहतात. त्यामुळे ती घरच्या संगणकात बसवणे त्रासाचे असते आणि डेटा सेंटर हीच त्यांची स्वाभाविक जागा ठरते. मेमरीतील चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी ही सोय त्यांत असते, आणि दिवस-रात्र चालण्याच्या हिशोबाने ती बनवलेली असतात. क्वाड्रो मालिका डिझाइन व रेंडरिंगच्या (त्रिमितीय दृश्याचे चित्र तयार करण्याच्या) वर्कस्टेशनसाठी होती. टेस्ला आणि क्वाड्रो ही दोन्ही नावे कंपनीने पुढे सोडून दिली, पण भाड्याच्या यादीत ती अजून दिसतात. यात परवान्याचाही भाग आहे. २०१७ च्या अखेरीस एनव्हिडियाने जीफोर्स या खेळांच्या कार्डांच्या ड्रायव्हरच्या (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) परवान्यात डेटा सेंटरमधील वापरावर बंधन घातले. म्हणून मोठ्या क्लाउड कंपन्यांकडे व्यावसायिक कार्डेच आढळतात.

ॲमेझॉनने २०१० मध्ये टेस्ला एम२०५० कार्डे असलेले संगणक भाड्याने द्यायला सुरुवात केली. २०१६ मध्ये तिथे के८०, २०१७ मध्ये व्ही१०० आणि २०१९ मध्ये टी४ आले. गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरही साधारण हीच कार्डे होती. आज ‘जुने कार्ड’ म्हटले की प्रामुख्याने पी१००, पी४०, व्ही१००, टी४ आणि क्वाड्रोतील पी४०००, पी५०००, आरटीएक्स ५००० यांचा विचार होतो.

मेमरी आणि तिचा वेग

पहिला प्रश्न मेमरी पुरेल का, हा. सात अब्ज पॅरामीटरचे (शिकून ठरलेल्या आकड्यांचे) भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर लिहिणारी एआय प्रणाली, १६ बिटी आकड्यांत ठेवले तर नुसत्या पॅरामीटरना सुमारे १४ गिगाबाइट लागतात. टी४ किंवा पी१०० च्या १६ गिगाबाइटमध्ये ते कसेबसे मावते, पण लांब संवादासाठी जागा उरत नाही. तेच मॉडेल ४ बिटांवर आणले तर साडेतीन-चार गिगाबाइटमध्ये बसते आणि ८ गिगाबाइटचे पी४००० सुद्धा पुरते.

के८० ची इथे हमखास गफलत होते. त्याची मेमरी २४ गिगाबाइट सांगितली जाते, पण एका कार्डावर दोन स्वतंत्र चिप आहेत आणि प्रत्येकीला १२ गिगाबाइट आहेत. भाड्याने बहुधा एक चिप, म्हणजे अर्धे कार्ड मिळत असे. ईसीसी चालू असेल तर प्रत्यक्ष हाती येणारी जागा १२ गिगाबाइटपेक्षाही थोडी कमी. पी४० ची गोष्ट वेगळी आहे, त्यातील २४ गिगाबाइट एकाच चिपच्या ताब्यात असतात.

भाषा-मॉडेलकडून मजकूर लिहून घेताना प्रत्येक नव्या टोकनसाठी (शब्द किंवा शब्दाच्या तुकड्यासाठी) सगळे पॅरामीटर मेमरीतून वाचावे लागतात. म्हणून गणनाशक्तीपेक्षा मेमरीचा वेग अधिक महत्त्वाचा ठरतो, आणि त्याचा अंदाज कागदावर बांधता येतो. टी४ चा वेग सेकंदाला ३२० गिगाबाइट आहे. १४ गिगाबाइटचे मॉडेल असेल तर एका वेळी एकाच वापरकर्त्यासाठी सेकंदाला २२-२३ टोकनच्या वर ते जाऊ शकत नाही. २०१७ चे व्ही१०० हे २०१८ च्या टी४ पेक्षा जुने आहे, पण त्याच्या एचबीएम२ या वेगवान प्रकारच्या मेमरीचा वेग सेकंदाला ९०० गिगाबाइट आहे आणि त्याची मर्यादा ६० च्या पुढे जाते. प्रत्यक्षात आकडे याहून कमी येतात, तुलना मात्र टिकते. भाड्याच्या जाहिरातीत मेमरीचा वेग क्वचितच ठळक छापलेला असतो; तो शोधून पाहावा.

आकड्यांचे प्रकार

जुन्या कार्डांची खरी परीक्षा इथे होते. ग्राफिक्स कार्ड ६४, ३२, १६ बिटी दशांश संख्या आणि ८ बिटी पूर्णांक यांची गणिते वेगवेगळ्या वेगाने करते. कोणत्या प्रकाराला किती जागा द्यायची हे चिप आखतानाच ठरलेले असते.

पी१०० आणि पी४० ही दोन्ही २०१६ ची, दोन्ही एनव्हिडियाच्या पास्कल या चिप-पिढीची. पी१०० वर १६ बिटी गणित ३२ बिटीच्या दुप्पट वेगाने चालते. पी४० वर तेच गणित ३२ बिटीच्या चौसष्टाव्या भागाइतके मंद चालते, कारण ते कार्ड ८ बिटी पूर्णांकांसाठी आखले होते. पी४० घेऊन त्यावर १६ बिटी प्रोग्राम जसाच्या तसा चालवणाऱ्याला कार्ड निकामी वाटते. ३२ बिटी किंवा ८ बिटी गणित करणारा प्रोग्राम दिला की तेच कार्ड कामाला लागते.

टेन्सर कोर हा मॅट्रिक्स गुणाकाराचा खास भाग २०१७ च्या व्ही१०० पासून आला. व्ही१०० मध्ये तो १६ बिटी संख्यांपुरताच आहे. टी४ मध्ये ८ व ४ बिटी पूर्णांकांचीही भर पडली. बीफ्लोट१६ हा प्रकार मात्र यांपैकी एकाच्याही टेन्सर कोरला जमत नाही, तो २०२० च्या अँपिअर पिढीपासून मिळतो. अनेक नवी मॉडेले त्याच प्रकारात शिकवलेली असतात. साध्या १६ बिटी प्रकारात सर्वांत मोठी संख्या ६५,५०४ आहे, तर बीफ्लोट१६ चा आवाका ३२ बिटी संख्येएवढा असतो. म्हणून अशी मॉडेले व्ही१०० वर साध्या १६ बिटांत चालवली की एखादी मधली संख्या मर्यादेबाहेर जाते आणि उत्तराऐवजी निरर्थक मूल्ये येतात. अशा वेळी कार्ड बिघडलेले नसते. गणिताचा तो भाग ३२ बिटांत करवून घ्यावा लागतो.

याच्या उलट बाजूकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि जुन्या कार्डांची सर्वांत मोठी किंमत तिथेच आहे. हवामान, द्रवांचे प्रवाह, रेणूंची रचना यांसारख्या कामांत अनेकदा ६४ बिटी अचूकता लागते. २०१७ चे व्ही१०० अशी गणिते सुमारे ७ टेराफ्लॉप्सने करते, म्हणजे सेकंदाला सात लाख कोटी. २०२२ चे आरटीएक्स ४०९० हे खेळांचे बलाढ्य कार्ड त्या प्रकारात १.३ टेराफ्लॉप्सच्या आसपास थांबते, कारण त्यात ६४ बिटी गणिताला ३२ बिटीच्या चौसष्टाव्या भागाइतकीच जागा दिली आहे. २०१४ चे के८० सुद्धा दोन्ही चिप मिळून कागदावर त्याच्या पुढे जाते. ज्याचे काम ६४ बिटांत आहे त्याने नवेपणाच्या मागे न लागता पी१०० किंवा व्ही१०० शोधावे. व्यावसायिक म्हणून विकले गेलेले प्रत्येक कार्ड मात्र इथे चालत नाही. टी४ या प्रकारात पाव टेराफ्लॉप्सवर अडते.

सॉफ्टवेअरचा आधार

कार्ड धडधाकट असूनही त्याचे आयुष्य संपते ते बहुधा सॉफ्टवेअरमुळे. एनव्हिडियाच्या प्रत्येक पिढीला एक क्षमता-क्रमांक असतो: के८० ला ३.७, पी१०० ला ६.०, पी४० ला ६.१, व्ही१०० ला ७.०, टी४ ला ७.५. कुडा हे एनव्हिडियाच्या कार्डांवर गणिते चालवणारे सॉफ्टवेअर; त्याच्या बाराव्या आवृत्तीने केप्लर पिढी, म्हणजे के८०, वगळली. २०२५ मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीने मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा (व्ही१०० ची) या तिन्ही पिढ्या वगळल्या. टी४ अजून आत आहे, व्ही१०० बाहेर गेले. आधार संपला म्हणून जुनी आवृत्ती चालायची थांबत नाही. कुडा १२ आणि त्याला जुळणारे पायटॉर्च (मॉडेले चालवण्याचे सॉफ्टवेअर) असलेला कंटेनर, म्हणजे तयार सॉफ्टवेअर-संच, घेतला की पी१०० वर काम करता येते. नुसतीच ताजी आवृत्ती बसवली, तर या कार्डासाठी कर्नल (कार्डावर चालणारा प्रोग्रामचा भाग) उपलब्ध नाही अशा अर्थाचा संदेश येऊन प्रोग्राम थांबतो. फ्लॅशअटेन्शन या भाषा-मॉडेले वेगवान करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीला तर अँपिअर किंवा त्यानंतरचेच कार्ड लागते.

रेंडरिंगमध्ये अडचण कमी येते. ब्लेंडर या त्रिमितीय ॲनिमेशनच्या प्रोग्रामचे सायकल्स इंजिन जुन्या कार्डांवरही चालते, पण प्रकाशकिरणांचा मागोवा घेणारे आरटी कोर २०१८ च्या ट्युरिंग (टी४ च्या) पिढीपासूनच आहेत. त्यामुळे टी४ किंवा क्वाड्रो आरटीएक्स घेण्यात फायदा आहे.

दर आणि बिल

मीटर कार्डाच्या कामावर चालत नाही, संगणक सुरू असण्यावर चालतो. डेटा उतरवून घेताना आणि पॅकेजे बसवताना कार्ड रिकामे बसते, तरी भाडे चालूच असते. म्हणून जमेल तिथे ही तयारी कार्ड नसलेल्या स्वस्त संगणकावर करून डिस्क नंतर जोडावी. संगणक बंद केला तरी डिस्कचे भाडे सहसा सुरूच राहते, आणि मोठ्या क्लाउड कंपन्या डेटा बाहेर नेण्याचेही वेगळे पैसे लावतात. तुलना ताशी दराची न करता पूर्ण कामाच्या खर्चाची करावी. निम्म्या दराचे कार्ड तिप्पट वेळ घेत असेल तर ते दीडपट महाग पडते. यासाठी खऱ्या कामाचा छोटा तुकडा दोन्ही कार्डांवर चालवून वेळ मोजणे हा एकच भरवशाचा मार्ग आहे.

रिकामी क्षमता कमी दरात देण्याच्या स्पॉट पद्धतीत कंपनी संगणक कधीही परत घेऊ शकते. त्याची सूचना ॲमेझॉनवर दोन मिनिटे आणि गूगलवर ३० सेकंद आधी मिळते. मॉडेल शिकवताना ठरावीक अंतराने प्रगती जतन केली असेल तर ही पद्धत जुन्या कार्डांना छान जुळते. मोठ्या कंपन्यांकडे नव्या खात्याला ग्राफिक्स कार्डाचा कोटा अनेकदा शून्य असतो आणि तो आधी मागून घ्यावा लागतो. खाजगी मालकांची यंत्रे एकत्र आणणाऱ्या बाजारपेठांत दर आणखी उतरतात. पण तिथे यंत्राचा मालक त्यावरची माहिती पाहू शकतो, त्यामुळे रुग्णांच्या नोंदी किंवा ग्राहकांचा डेटा अशा ठिकाणी ठेवू नये.

सेवेतून निवृत्ती

के८० चा कमाल ३२ बिटी वेग सुमारे ८.७ टेराफ्लॉप्स आणि वीज ३०० वॉट. टी४ चा वेग ८.१ टेराफ्लॉप्स आणि वीज ७० वॉट. जवळजवळ तेवढेच काम चौथ्या भागाहून कमी विजेत होऊ लागल्यावर न बिघडलेली कार्डेही रॅकमधून उतरवणे कंपन्यांना परवडते. मायक्रोसॉफ्टने के८० ची सेवा २०२३ मध्ये थांबवली, गूगलने २०२४ मध्ये. मायक्रोसॉफ्टच्या व्ही१०० असलेल्या एनसीव्ही३ मालिकेसाठी सप्टेंबर २०२५ ही मुदत जाहीर झाली. अशा तारखा बरेच महिने आधी जाहीर होतात. वर्षभर चालणारा प्रकल्प जुन्या कार्डावर उभा करण्यापूर्वी ती तारीख पाहून घ्यावी, आणि प्रोग्राम पुढच्या पिढीवर हलवायला लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा.