रोजगार हमी योजना (महाराष्ट्र)

रोजगार हमी योजना, बोलण्यात रोहयो किंवा नुसतं ‘हमी’, म्हणजे खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसानं अंगमेहनतीचं काम मागितलं की सरकारनं ते द्यायचं, अशी महाराष्ट्राची योजना. देशभर पुढे जी मनरेगा आली तिचा पाया हाच. पगाराच्या स्लिपवर पीटी म्हणून बहुतेक नोकरदारांचे महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, तो व्यवसाय कर १९७५ साली मुळात या योजनेला पैसा उभा करायला बसवला होता, आणि ज्यांचा कापला जातो त्यातल्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं.

योजना सुरू कधी झाली यावर एकमत नाही. १९६५, १९६९, १९७२, १९७७, १९७९ अशी सगळी सालं वाचायला मिळतात आणि गंमत म्हणजे प्रत्येकाला काही ना काही आधार आहे. १९६५ धरणारे लोक सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं विसापूर पुढे करतात. वि. स. पागे हे तिथले, १९६० ते १९७८ विधान परिषदेचे सभापती, त्यांनी गावाच्या परिसरात शेतीसुधारणा आणि मजुरांना काम यांची सांगड घालणारा प्रयोग करून पाहिला. सातशे रुपयांत किती मजुरांना किती दिवस काम देता येईल असं त्यांनी घरी पत्नीला विचारलं आणि त्या हिशेबावरून मुख्यमंत्री वसंतराव नाईकांना कळवलं, ही गोष्ट खूप ठिकाणी येते, पण ती आठवणीच्या अंगानं सांगितलेली असल्यामुळे तिच्यावरून तारीख ठरवू नये. १९७२ धरणारे नाईक सरकारनं त्या वर्षी केलेली राज्यव्यापी सुरुवात बघतात, पण लगेच मोठा दुष्काळ पडला, हमी बाजूला राहिली आणि नेहमीची दुष्काळी कामं निघाली. मे १९७३ च्या सुमाराला या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती असं धरतात. खडी फोडायची, रस्त्यावर माती टाकायची, पाझर तलाव खणायचे, सोबत सुकडी (मजुरांना वाटायचा कोरडा पौष्टिक खाऊ) आणि रेशनचा तांबडा मिलो (बाहेरून आणलेली लाल ज्वारी), त्या पिढीच्या बोलण्यात हे अजून निघतं. नंतर १९७४ च्या आसपास हमी पुन्हा उभी राहिली.

अजून एक धागा पुण्यातून येतो. गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये गरिबीची जी मांडणी केली तिच्यात ग्रामीण भागात सार्वजनिक कामं काढून किमान उत्पन्न पोचवायचा उपाय होता, म्हणून काहीजण वैचारिक श्रेय त्यांना देतात. फार मागे गेलं तर १८८० च्या दुष्काळ आयोगापर्यंतही जाता येतं, कारण काम देऊन दुष्काळ निभावायची रीत इंग्रजांच्या काळातली, म्हसवडजवळचा राजेवाडी तलाव १८७६-७७ च्या दुष्काळी कामातूनच सुरू झाला. पण त्या कामात हक्क कुठे होता? कलेक्टरनं दुष्काळ जाहीर केला तर काम, नाहीतर नाही. म्हणून कल्पना पाग्यांची मानली तरी ‘हमी’ची तारीख कायद्यावरून धरणं जास्त बरोबर वाटतं: महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

कायद्यात मागणी आल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता, जो प्रत्यक्षात क्वचितच कुणाच्या हातात पडला. खर्चातला निदान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर गेला पाहिजे, म्हणजे मशिनं लावून काम उरकता येऊ नये. मजुरी मोजमापावर, बाई-बाप्याला एकच दर. मंजूर करून ठेवलेल्या कामांना ‘शेल्फवरची कामं’ म्हणतात, आणि तालुक्याला शेल्फ रिकामं असेल तर कायदा कितीही चांगला असला तरी मजुराला काम मिळत नाही. पैसा व्यवसाय करातून, शिवाय विक्रीकर, मोटार, जमीन महसूल, सिंचन यांवरच्या जादा आकारातून, आणि या सगळ्यातून जेवढं जमेल तेवढीच रक्कम राज्यानं स्वतःची घालायची. व्यवसाय कराचा मोठा भाग मुंबईतून यायचा. शहरानं तो फार कुरकुर न करता का भरला याचं एक उत्तर असं देतात की गावात काम असलं की मुंबईकडे येणारे लोंढे कमी होतात.

फायदा नक्की कुणाचा, हा दुसरा वाद. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स या अभ्यासकांनी १९८३ मध्ये लिहिलं की मजुराला हंगामाबाहेर मजुरी मिळते पण बंधारे, रस्ते, तलाव यांचा टिकाऊ लाभ जमीनवाल्यांकडे जातो. यात तथ्य आहे, १९९० पासून फळबाग लागवड हमीला जोडल्यावर तर उघडच, कोकणात आंबा-काजू आणि सोलापूरकडे डाळिंब वाढलं ते खाजगी रानात. तरी बिनजमिनीच्या बायका एवढ्या मोठ्या संख्येनं या कामांवर आल्या हे त्या मांडणीत नीट बसत नाही. १९८८ मध्ये मजुरी साधारण दुप्पट झाली आणि त्यानंतर कामावरची हजेरी घटली. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हेलियन आणि सहकाऱ्यांचं म्हणणं असं की पैसा पुरेना म्हणून काम अडवून, मोजून दिलं गेलं. गरज कमी झाली म्हणून लोक आले नाहीत हे सरकारी स्पष्टीकरण त्यापुढे लंगडं वाटतं. बोगस मस्टरच्या (खोट्या हजेरीपटाच्या) तक्रारी मात्र सुरुवातीपासून सगळीकडे.



केंद्राचा रोजगार हमी कायदा २००५ मध्ये झाला, २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून सगळ्या ग्रामीण भागात लागू झाला, २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचं नाव मिळालं. महाराष्ट्रानं २००६ मध्ये आपला कायदा दुरुस्त करून घेतला, त्यामुळे कुटुंबाला १०० दिवसांपर्यंत केंद्राचा पैसा आणि त्यापुढे राज्याचा. जॉब कार्ड, ग्रामरोजगार सेवक, बँकेत मजुरी हे सगळं या टप्प्यातलं. २०२५-२६ मध्ये राज्याचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला, त्यात १२५ दिवसांची हमी आहे, पण महाराष्ट्रासारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के वाटा उचलायचाय आणि पेरणी-कापणीच्या दिवसांत वर्षाला एकूण ६० दिवस कामं बंद ठेवायची सोय आहे. हमीवर गेले की रानात मजूर मिळत नाहीत ही बागायतदारांची तक्रार जुनीच, ती पहिल्यांदा केंद्राच्या हमी कायद्यात कलम होऊन आली.