इंदापूर तालुका : भूगोल आणि पहिली जमीन मोजणी

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. उत्तरेला व पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा. दोन्ही नद्या नीरा-नरसिंहपूरला एकत्र येतात आणि तालुक्याची हद्दही तिथेच संपते. पश्चिमेला बारामती, नद्यांपलीकडे सोलापूर जिल्हा. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने पाऊस थोडा आणि बेभरवशाचा. नदीकाठी खोल काळी जमीन, तर दोन नद्यांच्या मधला भाग मुरमाड माळाचा, बेसॉल्ट खडकावर वीतभर माती असलेला. कडबनवाडीच्या माळावर आजही चिंकारा दिसतात. शहाजीराजांच्या पुणे-सुपे जहागिरीत इंदापूर परगणाही होता.

मुंबई इलाख्यातली शेतवार सारा-आकारणी प्रथम याच तालुक्यात १८३६ मध्ये लागू झाली. त्याआधी मोजणी नव्हती असे नाही. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि एकशेवीस बिघ्यांचा चाहूर ही मापे रूढ होती. मात्र काठीची लांबी आणि बिघ्याचा आकार गावोगाव बदलत असे. हलक्या जमिनीचा बिघा मोठा धरण्याचीही पद्धत होती.

पेशवाईनंतर कंपनी सरकारचा सहायक कलेक्टर आर. के. प्रिंगल याने १८२७ च्या सुमारास दख्खनची पाहणी सुरू केली. शेतीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारचे, असे त्याचे सूत्र होते. कागदावर ते चोख. पण हे निव्वळ उत्पन्न शेताशेताला ठरवायचे कसे? हाताखालच्या कारकुनांनी दिलेले आकडे चुकीचे होते, काही तर लाच घेऊन लिहिलेले. त्यातच धान्याचे भाव पडले. बाकी थकली, जमिनी पडीक पडल्या, कितीतरी कुटुंबे शेजारच्या संस्थानी मुलखात निघून गेली. वसुलीसाठी रयतेचा छळ झाल्याची कबुली पुढे मुंबई सरकारच्या अहवालातच आली.

१८३५ मध्ये मुलकी अधिकारी एच. ई. गोल्डस्मिड आणि इंजिनिअर्स दलातील लेफ्टनंट जॉर्ज विंगेट यांनी इंदापूरचे काम हाती घेतले. त्यांनी निव्वळ उत्पन्नाचा हिशेब सोडूनच दिला. हवामान आणि बाजारपेठेची सोय पाहून गावांचे गट पाडायचे, गटाचा कमाल दर ठरवायचा आणि त्याखाली प्रत्येक शेत प्रतवारीप्रमाणे बसवायचे, अशी ही रीत. मोजणी अधिकारी डेव्हिडसन याच्यासह या दोघांनी दिलेल्या १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले.

मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली. तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बैलांच्या एका जोडीने कसता येईल एवढे क्षेत्र साधारण एका सर्व्हे नंबरात धरत आणि हद्दीवर दगड किंवा मातीचे उंचवटे घालत.

खरी करामत प्रतवारीत होती. शेताचे भाग पाडून प्रत्येक ठिकाणी मातीची खोली पाहत. पावणेदोन हात सर्वांत चांगली, पाव हात सर्वांत उथळ. पोत व रंगानुसार मातीचे तीन वर्ग होते. चुनखडी, वाळू, दगडगोटे, उतार, अति ओल, पुराने धुपण्याचा धोका असे दोष खुणांनी नोंदवून प्रत एकेक पायरी खाली आणत. नऊ प्रती, सोळा आण्यांपासून (म्हणजे पूर्ण दर) दोन आण्यांपर्यंत. साऱ्याचा आकार तीस वर्षे कायम राहील, स्वखर्चाने विहीर खोदल्यास वाढणार नाही आणि नको असलेला नंबर वर्षअखेर सोडून देता येईल, अशी हमी होती.

या पद्धतीच्या यशाचे श्रेय सहसा साखळीला आणि प्रतवारीला दिले जाते. पण पडीक जमीन पुन्हा नांगराखाली आली ती मुख्यतः दर खाली आणल्यामुळे. तीस वर्षे संपताच झालेल्या फेरआकारणीत सारा पन्नास टक्क्यांहून अधिक वाढला, तेव्हा मोजणी आणखी काटेकोर असूनही शेतकरी सावकाराच्या दारात गेला. १८७५ मध्ये शेजारच्या, तेव्हाच्या भीमथडी तालुक्यात सुप्याला सुरू झालेल्या सावकारविरोधी दंग्यांच्या कारणांत ही वाढ धरली जाते.

इंदापूरची पद्धत पुढे वऱ्हाड आणि म्हैसूरपर्यंत गेली. तालुक्याचे रूप मात्र पाण्याने पालटले: १८८५ मध्ये नीरा डावा कालवा, नंतर ऊस आणि १९८० च्या सुमारास उजनी धरण. भीमाकाठची सोळा आणे प्रतीची काळी रानेच आधी पाण्याखाली गेली. पळसदेवचे जुने मंदिरही त्यातच आहे. १९४७ च्या जमीन एकत्रीकरण कायद्यानंतर पुष्कळ गावांत सर्व्हे नंबरांच्या जागी गट क्रमांक आले. तरी सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीस अयोग्य भाग) आणि आकारणी हे रकाने कायम आहेत.